हस्तचलन संवेदक, परिधेय

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या अवयवांची स्थिती व हालचाल यांचे मापन करून ती हालचाल कोणती हे संगणकाकरवी ओळखण्यासाठी अंगावर धारण करावयाची साधने. हातमोजा, मनगटी पट्टा, कोपराखाली बांधावयाची पट्टी, अंगठी, बाही अशा रूपांत ती आढळतात. कॅमेऱ्याने हालचाल टिपावयाची झाल्यास माणूस कॅमेऱ्यासमोर व पुरेशा उजेडात असावा लागतो. अंगावरील संवेदक माणसाबरोबर घरी, शेतात वा कारखान्यात जातात आणि अंधारातही काम करतात, हा त्यांचा मुख्य लाभ होय. मात्र यांपैकी कोणताही संवेदक हालचाल प्रत्यक्ष पाहत नाही. एक सांध्यावरील पट्टीचा विद्युत् रोध मोजतो, दुसरा मनगटाचा प्रवेग मोजतो, तर तिसरा कातडीवरील विद्युत् दाब मोजतो. या खुणांवरून हालचालीचे अनुमान करावे लागते आणि खूण व हालचाल यांतील नाते व्यक्तिगणिक, दिवसागणिक, किंबहुना पट्टा बांधण्याच्या जागेगणिक बदलते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत संवेदक लहान, स्वस्त व अचूक होत गेले, तरी ही अडचण बऱ्याच अंशी शिल्लक राहिली आहे.

हाताची रचना व मापनाचे स्वरूप : खांदा, कोपर, प्रबाहू (कोपर ते मनगट हा भाग) व मनगट यांच्या मिळून सात स्वतंत्र हालचाली मानतात : खांद्याच्या तीन, कोपराची एक, प्रबाहूच्या पिळण्याची एक व मनगटाच्या दोन. मनगटापासून पुढे २७ अस्थी असून बोटांच्या स्वतंत्र हालचाली वीसपेक्षा अधिक भरतात. अंगठ्याच्या तळाचा सांधा खोगिरासारखा असल्यामुळे अंगठा इतर बोटांसमोर आणता येतो. वस्तू पकडण्याचे सामर्थ्य मुख्यतः त्यावर अवलंबून असते आणि मापनाच्या दृष्टीने हाच सांधा सर्वांत अवघड आहे.

बोटे वाकविणारे व सरळ करणारे मोठे स्नायू हातात नसून प्रबाहूत असतात. त्यांचे दोरीसारखे कंडर मनगटावरून बोटांपर्यंत गेलेले असतात [⟶ स्नायू]. मूठ उघडमीट करीत दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपल्यास हे सहज कळते. या रचनेमुळेच बोटांना काहीही न लावता कोपराखालच्या पट्टीवरून बोटांची हालचाल ओळखता येते, आणि ज्याचा हात मनगटापाशी तुटला आहे त्याच्याही प्रबाहूत ‘बोटे मिटण्याची’ क्रिया घडत राहते. तथापि अंगठ्याची सूक्ष्म हालचाल करणारे व बोटे एकमेकांपासून फाकविणारे लहान स्नायू तळहातातच असतात. त्यांचा मागोवा प्रबाहूवरून लागत नाही.

ऐतिहासिक आढावा : या साधनांचा इतिहास दोन वेगवेगळ्या प्रवाहांनी आलेला आहे. पहिला प्रवाह शरीरक्रियाविज्ञानाचा. जर्मन शास्त्रज्ञ एमील द्यूब्वा-रेमाँ (१८१८–९६) यांनी १८४९ मध्ये स्वतःच्या बाहूचे स्नायू आकुंचित करून त्यांतून निर्माण होणारा विद्युत् प्रवाह गॅल्व्हानोमीटरवर दाखविला. कातडीचा रोध फार असल्याने त्यांनी हातावर फोड आणून वरची त्वचा काढून टाकली व मग मापन केले. या प्रयोगानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, म्यूनिक येथील राइनहोल्ट राइटर यांनी स्नायूंच्या विद्युत् संकेतांवर चालणाऱ्या कृत्रिम हाताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे विवर्धक निर्वात नलिकांचे असल्यामुळे तो अंगावर वागविता येण्याजोगा नव्हता. ट्रँझिस्टर आल्यावर ही अडचण दूर झाली आणि १९६० च्या सुमारास सोव्हिएट रशियातील अल्यिक्सांद्र कोब्रिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला अंगावर वापरता येईल असा हात तयार केला.

दुसरा प्रवाह संगणकाचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो येथील प्रयोगशाळेत टॉमस डिफँटी व डॅनिएल सँडिन यांनी १९७७ मध्ये रिचर्ड सेअर यांच्या कल्पनेवरून हातमोजा बनविला. प्रत्येक बोटावर एक लवचिक नळी, तिच्या एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला प्रकाशविद्युत् घट अशी त्याची साधी रचना होती. बोट वाकले की पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी होई. बेल प्रयोगशाळेतील गॅरी ग्राइम्स यांच्या मोज्याचे एकस्व (पेटंट) १९८३ चे असून तो मूकबधिरांची बोटलिपी ओळखण्यासाठी योजिलेला होता. टॉमस झिमरमन यांनी प्रकाशीय वाकसंवेदकाचे एकस्व १९८५ मध्ये मिळविले आणि व्ही. पी. एल. रिसर्च या कंपनीने प्रकाशीय तंतू वापरलेला ‘डेटा ग्लव्ह’ १९८७ मध्ये पुढे आणला. १९८९ मध्ये मॅटेल कंपनीने दूरचित्रवाणीवरील खेळांसाठी ‘पॉवर ग्लव्ह’ विक्रीस आणला. त्यात अंगठा व तीन बोटे यांचेच वाकणे, तेही केवळ चार पायऱ्यांत मोजले जाई. करंगळीला संवेदकच नव्हता. खेळणे म्हणून तो फार काळ टिकला नाही; परंतु वाकसंवेदक स्वस्तात बनविता येतात हे त्याने दाखवून दिले आणि अनेक प्रयोगशाळांनी हे मोजे मोडून त्यांतील पट्ट्या आपल्या कामी लावल्या.

वाकणे मोजणारे संवेदक : प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर कार्बनमिश्रित संवाहक शाईचा थर दिलेला असतो. पट्टी वाकली की थरातील कण एकमेकांपासून दूर जातात व रोध वाढतो. एका प्रचलित प्रकारात सरळ पट्टीचा रोध सुमारे १० किलोओहम असतो व पूर्ण वाकविल्यावर तो दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. याच कामासाठी ताणली जाणारी संवाहक रबराची दोरी, संवाहक धाग्याने विणलेले कापड व प्रकाशीय तंतू हेही वापरतात. मोज्याचा मोठा दोष असा की, तो हाताच्या मापाला नेमका बसावा लागतो. सैल मोज्यात सांधा आणि पट्टी यांची जागा जुळत नाही. तंग मोज्यात बोटेच मोकळेपणी हलत नाहीत. शिवाय मोजा घातल्यावर तळहाताचा स्पर्श जातो, त्यामुळे दिवसभराच्या कामासाठी तो कोणी घालून ठेवीत नाही.

निरूढीवर आधारलेले संवेदक : प्रवेगमापक व घूर्णी यांचा या वर्गात समावेश होतो. सिलिकॉनच्या तुकड्यात कोरलेले सूक्ष्म वस्तुमान त्याच द्रव्याच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते. हात वेग बदलतो तेव्हा हे वस्तुमान निरूढीमुळे किंचित मागे राहते, त्याच्या दात्यांचे शेजारच्या स्थिर दात्यांपासूनचे अंतर बदलते व त्यावरून धारणेत (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेत) पडणारा फरक मोजून प्रवेग काढतात. घूर्णीत असेच वस्तुमान सतत कंप पावत ठेवतात. हात वळला की त्यावर कोरिऑलिस प्रेरणा कार्य करते व ते आडव्या दिशेने सरकते [⟶ घूर्णी]. असे प्रवेगमापक १९९० नंतरच्या दशकात मोटारगाडीतील सुरक्षा-हवापिशवी फुगविण्यासाठी मोठ्या प्रमाणावर निघू लागले. हाताच्या हालचालींच्या अभ्यासाला ते मिळाले ते या उद्योगाच्या आनुषंगिक लाभाने. एरवी ते इतके स्वस्त झालेच नसते.

प्रवेगाचे समाकलन केले की वेग मिळतो आणि वेगाचे केले की अंतर. तेव्हा मनगटावरच्या एका प्रवेगमापकाने हाताचा मार्ग काढता यावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रवेगमापकाच्या शून्यात ०·०१ मी. प्रतिसेकंद प्रतिसेकंद एवढी, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे एकसहस्रांश, चूक असेल तर दहा सेकंदांनी अंतरातील चूक अर्धा मीटर व एका मिनिटाने १८ मीटर होते. दुसरी अडचण याहून मोठी आहे. प्रवेगमापक गुरुत्वाकर्षण व हालचाल यांची बेरीज दाखवितो, म्हणून आधी गुरुत्वाकर्षण वजा करावे लागते व त्यासाठी मनगटाचा कल ठाऊक असावा लागतो. कलाच्या अनुमानात केवळ एका अंशाची चूक झाली, तरी सुमारे ०·१७ मी. प्रतिसेकंद प्रतिसेकंद इतका खोटा प्रवेग उरतो व दहा सेकंदांत स्थिर हातही साडेआठ मीटर दूर गेल्याचे दिसते. घूर्णीच्या वाचनात सेकंदाला एकदशांश अंशाची चूक असल्यास मिनिटाला सहा अंशांचे स्खलन होते.

यावर उपाय म्हणून अनेक संवेदकांची वाचने एकत्र करतात. जलद वळणे घूर्णीकडून घेतात, ‘खाली’ ही दिशा प्रवेगमापकाकडून व उत्तर दिशा चुंबकत्वमापकाकडून घेऊन घूर्णीचे स्खलन वेळोवेळी दुरुस्त करतात. रूडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेली गणितपद्धती किंवा तिच्याहून सोप्या अशा नंतरच्या पद्धती यासाठी वापरतात. लोखंडी पलंग किंवा कपाट जवळ असल्यास चुंबकीय दिशा चुकते. रुग्णालयात हा अनुभव नेहमीचा आहे. अंतर काढताना दुहेरी समाकलन शक्य तो टाळतात. दंड, प्रबाहू व हात या तिन्हींवर एकेक संवेदक बांधून त्यांच्या दिशा मिळवितात आणि अस्थींच्या लांबी ठाऊक असल्यामुळे खांद्यापासून तळहातापर्यंतची स्थिती भूमितीने काढतात. अस्थी लांब-आखूड होत नाहीत आणि कोपर एकाच दिशेने वाकते, या दोन गोष्टींचा येथे मोठा आधार मिळतो.

स्नायूंच्या विद्युत् संकेतांवर आधारलेले संवेदक : तंत्रिकेची आज्ञा येताच स्नायुतंतूंमधून विद्युत् विक्षोभ पसरतो. कातडीवर ठेवलेल्या दोन विद्युत् अग्रांमध्ये तो काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत मिळतो. त्याची उपयुक्त कंप्रता सुमारे २० ते ५०० हर्ट्‌झ असते. भारतात घरगुती वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे, म्हणजे याच पट्ट्यात येते. दोन अग्रांवर सारखाच असणारा दाब वगळून फक्त फरक वाढविणारे विवर्धक म्हणूनच अपरिहार्य ठरतात. स्वेच्छेने केलेली हाताची हालचाल बहुधा १० हर्ट्‌झपेक्षा मंद असल्यामुळे प्रवेगमापकाची सेकंदाला ५० ते १०० वाचने पुरतात. स्नायुसंकेतांसाठी मात्र १,००० किंवा अधिक घेणे इष्ट असते.

विद्युत् संकेत प्रत्यक्ष हालचालीच्या किंचित आधी येतो, तसेच हालचाल न होता केवळ जोर लावला तरी येतो. हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु घामाने कातडीचा रोध बदलतो, पट्टी सेंटिमीटरभर फिरली की एका स्नायूचे अग्र दुसऱ्यावर जाते, मेदाचा थर जाड असल्यास संकेत क्षीण होतो आणि हात लोंबता असताना जो नमुना मिळतो तो हात डोक्यावर नेल्यावर मिळत नाही, कारण हाताचे वजन पेलण्यासाठी तेच स्नायू वेगळ्या प्रमाणात कामाला लागतात. कॅनडातील थाल्मिक लॅब्ज कंपनीची आठ अग्रांची ‘मायो’ ही पट्टी संशोधकांत लोकप्रिय झाली होती. तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबविण्यात आले. २०२५ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी नेचर या नियतकालिकात मनगटी पट्ट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हजारो व्यक्तींच्या संकेतांवर संगणकाला शिकवून ठेवल्यामुळे नव्या व्यक्तीला स्वतंत्र शिकवणीविना तो वापरता आला व हवेत नव्हे तर पृष्ठभागावर बोटांनी अक्षरे गिरवून मिनिटाला सुमारे २१ शब्द लिहिता आले. त्याच वर्षी असा पट्टा चष्म्याच्या जोडीने अमेरिकेत विक्रीस आला.

ओळखण्याची प्रक्रिया : संवेदकांची वाचने सलग येत असतात. त्यांचे लहान कालखंड पाडतात, प्रत्येक खंडातून मोजकी लक्षणे काढतात आणि आधी शिकविलेल्या नमुन्यांशी त्यांची तुलना करून निर्णय घेतात. स्नायुसंकेतांच्या बाबतीत कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठातील बर्नार्ड हजिन्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सरासरी निरपेक्ष मूल्य, शून्यरेषा ओलांडण्याची संख्या, चढ-उतार बदलण्याची संख्या, तरंगाची एकूण लांबी अशी साधी लक्षणे पुरेशी ठरतात हे दाखविले. ती आजही वापरात आहेत. अलीकडे बहुस्तरीय तंत्रिका-जालांचा वापर करून लक्षणे निवडण्याचे कामही संगणकावरच सोपवितात. कालखंड मोठा घेतला तर निर्णय अधिक बिनचूक येतो, पण उशिरा येतो. कृत्रिम हात इच्छेनंतर सेकंदाच्या तीनदशांशापेक्षा उशिरा हलला तर तो आपला वाटत नाही.

खरी कठीण गोष्ट आहे ती ‘काहीच नाही’ हे ओळखण्याची. दिवसभरात हात हजारो वेळा हलतो आणि त्यांतील बहुतेक हालचाली शिकविलेल्या यादीत नसतात. डोके खाजविणे किंवा केस सावरणे हे ‘पेला उचलणे’ समजले गेले, तर साधन निरुपयोगी होते.

शेकडा ९५ किंवा अधिक अचूकतेचे दावे या विषयाच्या वाङ्‌मयात वारंवार आढळतात. ते वाचताना चाचणी कोणावर घेतली हे पाहणे आवश्यक आहे. ज्या व्यक्तींच्या हालचालींवर संगणकाला शिकविले, त्यांच्याच त्याच दिवशीच्या इतर हालचालींवर परीक्षा घेतली असेल, तर ती एका अर्थी पाठांतराची परीक्षा होय. एकेका व्यक्तीला शिकवणीतून पूर्ण वगळून तिच्यावर चाचणी घेतल्यास अचूकता सामान्यतः बरीच खाली येते. शिकविताना निरोगी तरुण विद्यार्थी आणि वापरणारे पक्षाघाताचे वृद्ध रुग्ण, असे असल्यास ती आणखी घसरते.

उपयोग : कृत्रिम हात हे या संवेदकांचे सर्वांत जुने व सर्वांत जबाबदारीचे क्षेत्र. जुन्या पद्धतीत प्रबाहूच्या दोन बाजूंवर दोन अग्रे असतात. एका स्नायूच्या आकुंचनाने पंजा मिटतो, दुसऱ्याने उघडतो व मनगट फिरवावयाचे असल्यास दोन्ही स्नायू एकदम आवळून ‘पंजा’ऐवजी ‘मनगट’ ही अवस्था निवडावी लागते. घास उचलून तोंडापर्यंत नेताना असे दोनतीन वेळा करावे लागले, तर रुग्ण कंटाळून साधन खुंटीला टांगतो. अनेक अग्रांच्या संकेतांतून हेतू ओळखणारी साधने २०१३ पासून बाजारात आहेत. ज्यांचा संपूर्ण बाहूच गेला आहे त्यांच्याजवळ संकेत घेण्यास स्नायूच उरत नाही. अशांसाठी शिकागो येथील टॉड कायकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोडलेल्या हाताच्या तंत्रिका छातीच्या स्नायूंना जोडण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्णाने ‘मूठ मिटावी’ असे मनात आणताच छातीचा विशिष्ट भाग आकुंचित होतो व त्यावरील अग्रे कृत्रिम हाताला आज्ञा देतात. काही रुग्णांना छातीच्या त्या भागाला स्पर्श केल्यावर नसलेल्या हातालाच स्पर्श झाल्याची जाणीव झाली.

पक्षाघातानंतरच्या उपचारांत या साधनांनी वेगळ्या प्रकारची माहिती दिली. वैद्यासमोर दुखरा हात उचलून दाखविणारा रुग्ण घरी सर्व कामे चांगल्या हातानेच करीत असतो, असे अनेकदा आढळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी याला ‘शिकलेला अनुपयोग’ म्हटले. दोन्ही मनगटांवर प्रवेगमापक बांधून दिवसभरातील हालचालींची तुलना केली की क्षमता आणि वापर यांतील ही तफावत आकड्यांत दिसते. निरोगी माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखेच चालतात, मग तो उजवा असो की डावखुरा. चालताना लोंबणारा हातही हलतो व तो ‘वापर’ म्हणून मोजला जातो, ही या पद्धतीची उणीव आहे. म्हणून चालण्याचा काळ ओळखून वगळतात. कंपवातात विश्रांत हाताला ४ ते ६ हर्ट्‌झचा कंप असतो. मनगटावरील प्रवेगमापकाने तो स्पष्ट दिसतो आणि औषधाचा अंमल दिवसात केव्हा चढतो व केव्हा उतरतो हे रुग्णाच्या आठवणीवर विसंबून न राहता कळू शकते.

खेळाडूंच्या गोलंदाजीचे वा फेकीचे विश्लेषण, कामगारांच्या खांद्यावर पडणाऱ्या ताणाचे मापन, यंत्रमानवाला हातानेच काम शिकविणे, संगीतनिर्मिती इ. इतर उपयोगही आहेत. ज्यांना पडद्याला स्पर्श करणे जमत नाही त्यांच्यासाठी मनगटी घड्याळातील संवेदकांवरून चिमूट व मूठ ओळखण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध झाली. कामगारांच्या हालचालींची नोंद मालकाच्या हाती गेल्यास तिचा उपयोग आरोग्यासाठी होईल की कामाचा वेग वाढविण्यासाठी, हा प्रश्न तांत्रिक नसला तरी टाळता येण्याजोगा नाही.

मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेचे बोलीत रूपांतर करणारा हातमोजा ही कल्पना ग्राइम्स यांच्यापासून पुन्हापुन्हा पुढे येते व प्रत्येक वेळी तिचे कौतुक होते. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अशा मोज्यांना पारितोषिक मिळाले, तेव्हा भाषाशास्त्रज्ञांनी व बधिर व्यक्तींनी तीव्र आक्षेप घेतला. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखविल्याप्रमाणे खुणेचा अर्थ हाताचा आकार, त्याची शरीरासापेक्ष जागा व हालचाल या तिन्हींनी ठरतो. शिवाय प्रश्न, नकार यांसारखे व्याकरण भुवया, ओठ व मान यांनी व्यक्त होते आणि यांतील काहीही मोज्याला कळत नाही. मोजा फार तर सुटी अक्षरे व काही सुटे शब्द ओळखतो. ऐकू येणाऱ्याचे बोलणे बधिर व्यक्तीपर्यंत पोहोचविण्याचे कामही त्याने होत नाही. एका देशासाठी केलेला मोजा दुसऱ्या देशात चालत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते : अमेरिकी बोटलिपी एका हाताची आहे, तर भारतीय खुणांच्या भाषेतील इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी, बोटे एकमेकांना लावून दाखवितात. त्यामुळे प्रत्येक बोट किती वाकले एवढे कळून पुरत नाही; कोणते बोट दुसऱ्या हाताच्या कोणत्या भागाला टेकले हे कळावे लागते आणि त्यासाठी वाकसंवेदकांच्या जोडीला दोन्ही मोज्यांवर स्पर्शसंवेदक असावे लागतात.